ऑक्टोबर संपत आला आणि हातात एकच इंटरव्ह्यू कॉल आहे, आता काय करू?

तुझा प्रश्न मला कळला तो असा. नांदेडची आहेस, एमबीबीएसनंतर किनवट तालुक्यात एका पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) वर्षभर बॉन्ड, म्हणजे सक्तीची ग्रामीण सेवा, केलास, अमेरिकेच्या लायसन्स परीक्षेची स्टेप १ पास, स्टेप २ ला २४४, दोन महिने अमेरिकेत येऊन क्लिनिकल एक्सपिरियन्स घेतलास आणि यंदा इथल्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे आपल्याकडच्या पीजीसारख्या ट्रेनिंगसाठी, इंटर्नल मेडिसिनच्या १३० प्रोग्रॅमना अप्लाय केलंस. आजपर्यंत एक कॉल, १२ नोव्हेंबरचा, सेंट्रल टाइम सकाळी ८ चा, आणि त्याच्या आदल्या संध्याकाळी रेसिडेंट्सबरोबर एक ऑनलाइन भेट. मैत्रिणीला ८ कॉल आलेत. रात्र रात्र मेल बघत जागतेस. सगळ्या प्रोग्रॅमना परत मेल टाकू का, स्टेप ३ देऊन टाकू का, घरून झूमवर तयारी कशी करू, आणि शेवटी एक ओळ, "बॉन्डच्या वर्षाबद्दल विचारलं तर काय सांगू, तिथं तसं काही शिकायला मिळालं नाही, रात्री एकटीच असायचे, साप चावलेले नाहीतर डिलिव्हरी, बस."

ती शेवटची ओळ मी तीनदा वाचली. तिच्याकडे नंतर येते.

मी सोलापूरची, आता ओहायोत एका कम्युनिटी हॉस्पिटलमध्ये इंटर्नल मेडिसिनला फॅकल्टी आहे आणि गेली नऊ वर्षं दर सीझनला इंटरव्ह्यू घेते. म्हणजे मी एका प्रकारच्या प्रोग्रॅमचं आतलं सांगू शकते, मोठ्या युनिव्हर्सिटी प्रोग्रॅमचं गणित वेगळं असतं आणि सर्जरी किंवा रेडिओलॉजीचं तर फारच वेगळं, तेव्हा मी सांगते ते इंटर्नल मेडिसिन आणि फॅमिली मेडिसिनपुरतं धर. बाकी बऱ्याच गोष्टी तुझ्या व्हिसावर, पास होऊन किती वर्षं झाली त्यावर आणि कोणाला सिग्नल, म्हणजे अर्जातली "मला तुमच्याकडे खास यायचंय" अशी मोजकी खूण, दिलेस त्यावर अवलंबून आहेत.

आता कॉल येतात कसे ते बघ. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रोग्रॅमना अर्ज उघडून बघता येतात आणि त्या दिवशी आमच्यासारख्या ठिकाणी सुद्धा हजारांच्या घरात अर्ज पडलेले असतात. एवढे कोणी वाचत नाही, आधी फिल्टर लागतात. व्हिसा लागतो का, पासिंगचं साल कोणतं, परीक्षेत नापास अटेम्प्ट आहे का, स्टेप २ किती, आणि आपल्याला सिग्नल दिलाय का. स्टेप १ जानेवारी २०२२ पासून नुसती पास-नापास झाली तेव्हापासून स्टेप २ च्या आकड्यावर जास्त भार आला आणि सिग्नल आल्यापासून त्याच्यावर. इंटर्नल मेडिसिनला ३ गोल्ड आणि १२ सिल्व्हर असे १५ सिग्नल, म्हणजे तुझ्या १३० पैकी ११५ प्रोग्रॅमना तू सिग्नल न देता अर्ज केलायस. त्यातले काही बोलावतील सुद्धा, पण तुझी खरी आशा त्या १५ वर आणि तू जो भौगोलिक पसंतीचा विभाग निवडलास तिथल्या प्रोग्रॅमवर. ३० च्या पुढे प्रत्येक प्रोग्रॅमला ३० डॉलर पडतात, १३० म्हणजे ३ हजार डॉलरच्या वर गेले, आणि घरच्यांनी ते कसे उभे केले असतील ते मला माहितीये, माझ्याही घरी हेच झालं होतं. म्हणून पुढच्या वेळची वेळ आलीच तर आकडा वाढवण्याआधी सिग्नल कुठं टाकायचे त्यावर आठवडा घालव. पण ते आत्ता नको.

पहिली लाट ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत येऊन जाते, हे खरंय. त्यानंतर मात्र बंद होत नाही. ज्यांच्याकडे १५-२० कॉल असतात ते नोव्हेंबरच्या शेवटी दमतात आणि सोडायला लागतात, थँक्सगिव्हिंगनंतर आणि ख्रिसमसच्या आसपास आमच्याकडे दर आठवड्याला कोणीतरी कॅन्सल करतं, मग आम्ही वेटलिस्ट काढतो, मग ज्यांचा अर्ज चांगला होता पण पहिल्या फेरीत जागा नव्हती त्यांना बोलावतो. आमच्या आत्ताच्या रेसिडेंट्समध्ये दोघं जण असे जानेवारीतल्या कॉलवर आलेले आहेत. म्हणून वेटलिस्टचा मेल आला तर तो नकार समजून डिलीट करू नकोस, लगेच हो म्हण.

मैत्रिणीचे ८ आणि तुझा १, यावरून तुझ्याबद्दल काहीच कळत नाही. तिनं सिग्नल कुठं दिले, तिच्याकडे ग्रीन कार्डवाला नवरा आहे का, तिच्या लेटर लिहिणाऱ्या डॉक्टरनं कोणाला फोन केला का, यातलं तुला काय माहितीये? अमेरिकेचे नागरिक नसलेले जे परदेशी पदवीधर मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात, उतरले त्यांच्यापैकी २०२२ ते २०२५ या चारही वर्षांत ५८-५९ टक्के लोकांना जागा मिळालीये. म्हणजे अवघड आहे, अशक्य नाही, आणि जे निम्म्याहून जास्त लागले त्यात एक-दोन-तीन कॉलवाले पण असतात. एक कॉल म्हणजे धोका आहेच, तुला खोटा धीर देणार नाही, जास्त कॉल असले की शक्यता वाढते. पण शून्यातून एक होणं ही सगळ्यात मोठी उडी असते आणि ती तुझी झालीये.

मेल टाकू का, याचं उत्तर, टाक पण १३० ना नाही. तुझे ३ गोल्ड, आणि १२ सिल्व्हरपैकी ज्या गावाशी किंवा प्रोग्रॅमशी तुझा काहीतरी खरा संबंध आहे ते, शिवाय जिथं तू दोन महिने काम केलंस त्या शहरातले. पाच-सात ओळी, को-ऑर्डिनेटरला, डायरेक्टरला सीसी, वर तुझ्या अर्जाचा नंबर, एएएमसी आयडी. त्यात एक नवी गोष्ट असली पाहिजे, परदेशी पदवीधरांना लागणारं सर्टिफिकेशन पूर्ण झालं, पेपर छापून आला, असं काहीतरी, आणि त्यांच्याच प्रोग्रॅमबद्दल एक अशी ओळ जी दुसऱ्या कोणाला पाठवता येणार नाही. एकदाच. माझ्याकडे एकाच मुलाचे पाच मेल आले होते आणि त्यात दोनदा दुसऱ्या हॉस्पिटलचं नाव राहून गेलेलं, तो अर्ज चांगला होता, वाईट वाटलं.

स्टेप ३ चं विचारशील तर ती अमेरिकेतच येऊन द्यावी लागते, दोन दिवसांची असते, आणि निकाल यायला काही आठवडे लागतात. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वर घेणाऱ्या प्रोग्रॅमला ती लागते, जे-१ (ट्रेनिंगचा व्हिसा) ला लागत नाही. तू नांदेडला बसून आत्ता तिच्यामागे धावलीस तर १२ तारखेच्या एकुलत्या एका इंटरव्ह्यूची तयारी जाईल. माझं मत, आत्ता नको.

आणि ते रात्रीचं जागरण. इथले को-ऑर्डिनेटर सकाळी ८ ते ५ काम करतात, म्हणजे तुझ्याकडे संध्याकाळपासून पहाटेपर्यंत, म्हणून तुम्हा सगळ्यांची झोप जाते. फोनमध्ये इरास (जिथून अर्ज केलास ते पोर्टल) आणि थॅलॅमस (जिथं इंटरव्ह्यूची वेळ ठरते ते) यांच्या मेलना वेगळा आवाज लाव, मोठा, बाकी सगळ्याचे आवाज बंद कर, आणि झोप. स्पॅम फोल्डर रोज सकाळी एकदा. थॅलॅमसवरचं खातं त्याच ईमेलनं उघडलंय ना जो अर्जात दिलाय, ते आजच बघ. टेलिग्रामच्या त्या ग्रुपमधून बाहेर पड जिथं दर दहा मिनिटाला कोणाला कुठून कॉल आला ते टाकतात, त्यातून तुला एकही कॉल येणार नाहीये.

आता त्या बॉन्डच्या ओळीवर येते, कारण मला वाटतं तुझा खरा प्रॉब्लेम तिथं आहे. तुझ्या मनात ते वर्ष गॅप आहे. बाकीच्यांनी रिसर्च केला, इलेक्टिव्ह केले आणि आपण किनवटला बसलो, असं. आणि तुला तसं वाटत असेल तर तू ते तसंच बोलशील, घाईघाईनं, डोळे खाली घालून, आणि समोरचा पण तसंच समजेल. पूर्वी आम्ही इंटरव्ह्यूला प्रत्यक्ष जायचो, मी मॅचच्या वर्षी न्यू जर्सीला मावशीकडे राहून बसनं फिरले, तेव्हा माणूस दिवसभर दिसायचा, जेवताना, कॉरिडॉरमध्ये, रेसिडेंटशी गप्पा मारताना. २०२० च्या सीझनपासून हे सगळं ऑनलाइन गेलं आणि आता आमच्यातल्या प्रत्येकाच्या हातात तुझी वीस-पंचवीस मिनिटं आणि एक चौकोन. त्या चौकोनात मला पीएचसी दिसत नाही. ती तुला दाखवायला लागणार आहे.

आणि दाखवण्यासारखं तुझ्याकडे किती आहे बघ. रात्री एकटी असायचीस म्हणालीस. समज मण्यार चावलेला पेशंट आलाय, सूज नाही, दुखत नाही, घरचे म्हणतायत काही नाही झोपू द्या, आणि तुला पापण्या उतरलेल्या दिसतात. तू काय केलंस? एएसव्हीच्या (सर्पविषावरच्या औषधाच्या) वायल्स होत्या का, किती दिल्यास, रिअ‍ॅक्शन आली तर अ‍ॅड्रिनलिन हाताशी काढून ठेवलं होतंस का, श्वास कमी पडला तर अ‍ॅम्बू बॅग कोणी धरली, १०८ ला किती वेळ लागला, नांदेडच्या कॅज्युअल्टीला फोनवर काय सांगितलंस, घरच्यांना कसं पटवलंस? यातलं प्रत्येक वाक्य मला इंटर्न म्हणून हवं असलेलं काहीतरी सांगतं. मर्यादित साधनात निर्णय, मदत कधी मागायची ते कळणं, हँडओव्हर, घाबरलेल्या कुटुंबाशी बोलणं. इथल्या मेडिकल स्कूलमधून आलेल्या मुलाला चौथ्या वर्षी रात्री २ वाजता एकट्यानं ठरवायची वेळ आलेली नसते, मागे सतत कोणीतरी असतं. विंचूदंशाला प्राझोसिनचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी गावात पेशंट बघत बघत उभा केला आणि तो जगभर गेला, तेव्हा ग्रामीण ठिकाणी शिकायला मिळत नाही हे आपण महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनी तरी म्हणू नये.

फक्त ती घटना खरी तुझी पाहिजे, मी वर रंगवली ती नको. आणि जिथं चुकलं ती पण घे. "अपयश सांगा" हा प्रश्न हमखास येतो आणि आपली मुलं त्यावर "मी फार परफेक्शनिस्ट आहे" म्हणतात. मी पहिल्याच इंटरव्ह्यूत हेच केलं होतं, समोरच्या डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि पुढं काही विचारलंच नाही, त्या हॉस्पिटलकडून नंतर काही आलं नाही. एखादं रेफरल उशिरा केलं, एखाद्या बाईचं बीपी परत बघायचं राहिलं, मग पुढच्या वेळी काय बदललं, हे सांगणारी मुलगी मला जबाबदार वाटते.

असे चार-पाच प्रसंग काढ. एक पेशंटचा, एक सहकाऱ्याशी मतभेदाचा, एक चुकीचा, एक शिकवण्याचा किंवा टीमचा, आणि एक तुझ्या आयुष्यातला जो मेडिसिनशी संबंधित नाही. प्रत्येक दीड मिनिटात. बहुतेक प्रश्न, कसेही विचारले तरी, या पाचातल्या एकाकडे वळवता येतात. लिहून पाठ करू नकोस, कारण पाठ केलेलं झूमवर प्रत्यक्षापेक्षा जास्त कळतं, डोळे एका रेषेत डावीकडून उजवीकडे जातात, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत तर वेगवेगळ्या देशांतल्या मुलांकडून शब्दशः तीच वाक्यं ऐकायला मिळायला लागलीयेत, कुठून येतात ते आम्हालाही कळतं. मोबाइल समोर ठेव, बोल, रेकॉर्ड कर, ऐक, परत बोल. दर वेळी शब्द वेगळे आले तर बरोबर चाललंय.

भाषेबद्दल. तुझं इंग्रजी चांगलं असेल, प्रश्न आपल्या शब्दांचा आहे. "पास्ड आउट इन २०२३" म्हणालीस तर इथं त्याचा अर्थ बेशुद्ध पडलीस. "ग्रॅज्युएटेड" म्हण. कॅज्युअल्टी नाही, इमर्जन्सी डिपार्टमेंट. पोस्टिंग नाही, रोटेशन. ओपीडी नाही, क्लिनिक. सिस्टर म्हटलं तर त्यांना तुझी बहीण वाटते. पॅरासिटामॉलला असिटामिनोफेन, अ‍ॅड्रिनलिनला एपिनेफ्रिन. लाख म्हणू नकोस. पीएचसी म्हणजे काय ते एका वाक्यात सांग, किती गावं, किती लोकसंख्या, डॉक्टर किती, जवळचं मोठं हॉस्पिटल किती तासांवर. बॉन्ड हा शब्द तर जपूनच, त्यांना तो शिक्षेसारखा किंवा कर्जासारखा ऐकू येतो, सरकारी कॉलेजमधून शिकल्यावर ग्रामीण भागात एक वर्ष सेवा करावी लागते असं सरळ सांग. आणि सारखं "वुई" नको, तू काय केलंस ते विचारतायत.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर निवडक पाच-दहा मेल, स्टेप ३ बाजूला, झोप, आणि किनवटचं वर्ष पुढं आणायचं. आता झूमचं.

वेळेत तू चुकली आहेस. सकाळी ८ सेंट्रल म्हणजे तू संध्याकाळी ६:३० धरलंस, ते आत्ता ऑक्टोबरमध्ये बरोबर आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागं जातात, १२ तारखेला ते ७:३० असेल. पण जास्त धोका आदल्या दिवशीच्या भेटीचा. ११ तारखेला संध्याकाळी ६ म्हणजे तुझ्याकडे १२ ची पहाट, ५:३०. तारीख बदलते. दर वर्षी कोणीतरी २४ तास उशिरा लिंक उघडतं. म्हणजे तुझा १२ तारखेचा दिवस पहाटे ५:३० ला सुरू आणि रात्री १२-१२:३० पर्यंत, दुपारी तीन तास झोपायचं हे आत्ताच ठरव आणि घरच्यांना सांग त्या दुपारी पाहुणे नकोत.

घरात रात्री ७:३० ही सगळ्यात गोंगाटाची वेळ असते, कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही, खाली मुलं, आणि तुळशीचं लग्न होईपर्यंत अधूनमधून फटाके. एका मुलाचा इंटरव्ह्यू ऐन लक्ष्मीपूजनाला होता, मागे लडी लागली, तो थांबला, हसला, म्हणाला आज आमच्याकडे दिवाळी आहे, दोन मिनिटं सांगितलं आणि परत उत्तरावर आला. आम्हाला तो आवडला, कारण तो विचलित झाला नाही. तेव्हा आवाज आला तर घाबरू नकोस, पण खोली रस्त्याच्या बाजूची घेऊ नकोस. वायफायला इन्व्हर्टर किंवा राउटरचा छोटा पॉवर बँक, दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट चालू करून ठेवलेला, को-ऑर्डिनेटरचा फोन नंबर कागदावर. लाइट समोरून, खिडकी पाठीमागं नको. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला, लॅपटॉपखाली चार जाडजूड टेक्स्टबुक ठेव. बोलताना कॅमेऱ्याकडे बघ, ऐकताना स्क्रीनकडे. मागे खोटं बॅकग्राउंड नको, साधी भिंत पुरे.

रेसिडेंट्सबरोबरच्या त्या भेटीला गंमत म्हणून जाऊ नकोस आणि परीक्षा म्हणून पण नाही. बहुतेक ठिकाणी फॅकल्टी नसते, पण कोणी उद्धट वागलं तर आमच्यापर्यंत येतंच. ती मुख्यतः तुझ्यासाठी आहे, कारण तुला ते हॉस्पिटल दिसणार नाहीये आणि तीन वर्षं तिथं काढायचीत. वेबसाइटवर आहे ते विचारू नकोस. विचार की नाइट फ्लोट (सलग रात्रपाळी) कसा असतो, रात्री वर सिनियर कोण असतं, आठवड्याला ८० तासांची मर्यादा खरंच पाळली जाते का, गेल्या वर्षी कोणी मधेच सोडून गेलं का, जे-१ चे कागद कोण बघतं आणि वेळेवर होतात का, गाडी नसेल तर पहिले दोन महिने निघतात का, इतर आयएमजी, म्हणजे अमेरिकेबाहेर शिकलेले, किती आहेत. उत्तर देताना रेसिडेंट एकमेकांकडे बघतात का, तेही बघ. त्यांनी सांगितलेली एखादी गोष्ट दुसऱ्या दिवशी इंटरव्ह्यूत आली, की "का हाच प्रोग्रॅम" या प्रश्नाचं उत्तर आपोआप खरं होतं.

तू अजून कुठं कुठं अप्लाय केलंस हे सांगायची सक्ती ते करू शकत नाहीत, मॅचच्या नियमातच ते बसत नाही. विचारलंच तर भांडू नकोस, "मी मिडवेस्टमध्ये इंटर्नल मेडिसिन बघतेय आणि इथं यायला मला आवडेल" एवढं म्हण. कितव्या नंबरवर रँक करणार हेही ते विचारू शकत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये रँक लिस्ट, म्हणजे प्रोग्रॅमच्या पसंतीची यादी, भरताना खऱ्या पसंतीच्या क्रमानं भर, "ते मला घेतील का" असा हिशोब करून खालीवर करू नकोस. १९९८ पासून मॅचचं जागा वाटायचं गणित अर्जदाराच्या पसंतीपासून सुरू होतं, ते तसं बसवणाऱ्यांपैकी अ‍ॅल्विन रॉथना पुढं २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. मनापासून वरचं नाव वर टाकल्यानं खालचं नाव हातचं जात नाही. आणि तोपर्यंत एकच कॉल राहिला तर सोपची, म्हणजे मॅचमध्ये न भरलेल्या जागांच्या फेरीची, तयारी फेब्रुवारीत सुरू करू, त्यात ४५ प्रोग्रॅमपर्यंत अर्ज करता येतो, ते वेगळं सविस्तर सांगेन.

आत्ता एवढंच कर. किनवटच्या वर्षातली एक रात्र निवड, आज रात्री मेल न बघता दीड मिनिट इंग्रजीत बोलून रेकॉर्ड कर आणि मला पाठव. कशीही झाली असली तरी पाठव, रविवारी माझी सुट्टी आहे, ऐकून कुठं काय कापायचं ते सांगते.